एका पेटीवर दोघी

जुना जालना,
१७ फेब्रुवारी २०२६

भावना,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर वळखून पत्र तसंच फाडू नको, निदान पहिलं पान तरी वाच. फोन तू उचलत न्हाईस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझं तोंडसुद्धा बंद करून टाकलंस. मंग पोस्टात गेले, पाकीट मागितलं. तिथला पोरगा म्हणला, मावशी, कोर्टाचं काम आहे का? म्हणलं, न्हाई बाबा, बहिणीचं आहे, कोर्टाहून अवघड.

२२ मार्चला मायला जाऊन तीन वर्षं होतील. आपल्या दोघी बहिणींचं बोलणं बंद होऊनबी तेवढीच झाली. ह्या साली माझ्या शीतलनं मनावर घेतलंय. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे ती, उंचीला तुझ्यावर गेली अन् जिद्दीलाबी. तिचं म्हणणं, स्मृतिदिनाला नुसती वंदना अन् जेवण नको. आजी कोण होती ते लोकांला कळलं पाहिजे. म्हणून पोरगी सगळ्यांच्या आठवणी गोळा करून राह्यली. मायच्या गायन पार्टीतल्या राजानंद काकाकडं जाऊन आली. काकाला आता ढोलकी वाजवणं होत न्हाई, मांडीवर घेऊन नुसता हात फिरवत बसतो. पण मायचं, बेबीनंदाबाईचं नाव काढलं की दोन तास कुणाला उठू देत न्हाई.

मला आठवलं ते मी तिला लिहून दिलं. आबा अंकुशनगरला कारखान्यात कामाला होते, गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, अन् माय सांजच्याला खोलीच्या दारात पेटी काढून बसायची. टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्यांतल्या बाया भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून ऐकायला यायच्या. एकदा उसाचा ट्रॅक्टर थांबला, मागं बारा ट्रॅक्टरची रांग लागली, अन् मायनं गाणं तोडून ड्रायव्हरला सांगितलं, बापू, आधी ऊस टाकून ये, अंतरा कुठं पळून जात न्हाई. हे सगळं तुलाबी ठाऊक आहे. पण तू कोरसला तिच्या मागं उभी राहायचीस अन् मी खाली बसलेली असायचे. उभ्या माणसाला जास्ती दिसतं. म्हणून तुला आठवतं ते लिहून पाठव. मला नको पाठवू, शीतलला पाठव.

अजून एक झालंय. शीतलला मंठ्याच्या भीमजयंतीचा तो व्हिडिओ सापडला, दोन हजार बावीसचा. माय उजव्या हातानं पेटी वाजवून राह्यली अन् बाजूला बसून मी भाता मारून राह्यले. तू तवा तो स्टेटसला ठेवला होतास, खाली लिहिलं होतंस, एका पेटीवर दोघी. शीतलला तो मोठ्या पडद्यावर दाखवायचाय. मी न्हाई म्हणले. ती म्हणली काहून? मी म्हणले पडद्याला खर्चा येतो. ती म्हणली पडदा फुकट मिळतोय. मंग मी भाजीला गेले.

बाकी इकडं सगळे बरे आहेत. मीबी बरी आहे.

एक सहज विचारायचं होतं. नाशिकला तू कधी बायांची ती तपासणी करून घेतलीस का, छातीची? अंगणवाडी सेविकांची मीटिंग झाली, तिथं सांगत होते की आईला असलं तर लेकींनी दर वर्षी करून घ्यावी. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

सुमेधा


जुना जालना,
२६ फेब्रुवारी २०२६

भावना,

तुझं उत्तर न्हाई. येईल असं वाटलंबी नव्हतं. पण पोस्टमन गल्लीत आला की मी उंबऱ्यावर येऊन उभी राहते, अन् तो रोज बँकेचे कागद देऊन जातो.

शीतल मला रोज एक प्रश्न विचारते. काल विचारलं, आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं तर दोनशे गाणी कशी म्हणायची? मी म्हणले, मी कशाला होते? आठवतं ना तुला? मायला मुखडा पाठ असायचा, चाल तर एकदा कानावर पडली की कायमची. पण कडव्यांचा क्रम चुकायचा. म्हणून मी वही घेऊन तिच्या पाठीमागं पडद्याआड बसायचे. एक कडवं संपलं की पुढच्याचा पहिला शब्द हळूच सांगायचा. एकच शब्द, जास्ती न्हाई. जास्ती सांगितला तर तीच मागं हात करून चिमटा काढायची. सहावीत होते तवापासून लग्न होईपर्यंत अन् लग्न झाल्यावरबी मी पडद्याआड बसले. तुला निदान कोरसची साडी मिळायची. मला सतरंजी.

तिनं स्वतः जोडलेलं एकच गाणं वहीत आहे.

लेकीनं लिहिलं पाटीवर नाव माझ्या मायचं,
मला न्हाई वाचता येत, तरी न्हाई पुसायचं.

हे शीतलला लई आवडलं. तिला मी तिची स्वतःची गोष्टबी सांगितली. तान्ही असताना ती रडायला लागली की माय घाई करायची न्हाई. पेटी पुढं ओढायची अन् पोरगी कोणत्या पट्टीत रडतीय ते शोधत बसायची. सूर सापडला की तोच धरून ठेवायची. दोन मिनिटात पोरगी गप्प होऊन पेटीकडं बघत राहायची. माय म्हणायची, तिला दूध नको होतं, तिला कुणीतरी साथ द्यायला पाहिजे होती. माझी सासू मात्र म्हणायची, लेकराला दूध द्या आधी, तमाशा नंतर करा.

पट्टीवरून आठवलं. माय कायम काळी चारमध्ये गायची. दोन हजार बावीसला ती काळी दोनवर आली होती. राजानंद काकानं विचारलं, बाई, एवढं खाली काहून? ती म्हणली, वय झालं. काकानं मान हलवून ढोलकी उतरवून घेतली. मला ठाऊक होतं वय झालं न्हाई ते.

हे लिहिलं अन् पेन खाली ठेवला होता. परत घेतला. मला काही दिवस झाले झोप लागत न्हाई, जेवण जात न्हाई. आंघोळबी मी जल्दी उरकते, दोन तांबे अंगावर घेतले की बाहेर. गल्लीतल्या उषाबाईला परवा मीच रागावले होते, गाठ लागली तर लपवू नको, दवाखान्यात चल म्हणून. तिला घेऊनबी गेले. तिचं काही नव्हतं, साधी चरबीची गाठ निघाली. येताना रिक्षात ती हसत होती अन् मला घाम फुटला होता.

तपासणीचं तू काही सांगितलं न्हाईस.

सुमेधा


जुना जालना,
४ मार्च २०२६

भावना,

आज खरं लिहायला बसलेय. शीतल कॉलेजला गेलीय, शीतलचे पप्पा रिक्षा घेऊन गेले, अंगणवाडीला रजा टाकलीय. लिहून होईपर्यंत उठणार न्हाई.

मायला गाठ आहे हे मला ठाऊक होतं.

१२ मार्च २०२२, शनिवार. माय इथंच, माझ्या घरी होती. न्हाणीतून हाक मारली, सुमे, पाठ घासून दे. मी गेले. तिनं माझा ओला हात धरला अन् डाव्या बाजूला, काखेच्या खाली नेऊन ठेवला. म्हणली, बघ बरं काय लागतं. बोराएवढं काहीतरी होतं, टणक. मी विचारलं, कवापासून? म्हणली, थंडीपासून. मी म्हणले, उद्या आपण दवाखान्यात जाऊ. ती म्हणली, उद्या बिलकुल न्हाई.

तिचे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. ती म्हणली, “दोन वर्षं पेटीवर कापड पडून राह्यलं सुमे. लॉकडाऊननं दोन जयंत्या खाल्ल्या. ह्या साली लोक बोलावून राह्यले, मंठा आहे, परतूर आहे, अंबड आहे. एप्रिल अन् मे होऊ दे. मंग तू म्हणशील त्या दवाखान्यात येते. पण भावनीला कळलं तर ती मला उचलून नाशिकला नेईल, अन् माझी जयंती बुडंल. तिला सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील.”

तुला ठाऊक आहे आपल्याकडं हे कसं असतं. दुसऱ्या कुणाची दिवाळी असते, लग्नसराई असते. आपल्या पार्टीचं सगळं वर्ष म्हणजे ते दोन महिने. त्या दोन महिन्यात आबाचा पाय मोडला होता तरी माय गाऊन आली होती. गाणाऱ्या बाईनं जयंतीत आजारी पडायचं नसतं, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. मलाबी ते बराबर वाटलं. दोन महिन्यानं काय फरक पडतो?

एप्रिलच्या पहिल्याच कार्यक्रमाला तिचा डावा हात भात्यावर टिकंना. काखेत ओढ लागायची. दुसऱ्या गाण्याला ती थांबली, पडद्याकडं वळली अन् म्हणली, सुमे, पुढं ये. मी पुढं गेले. ती उजव्या हातानं सूर धरायची अन् मी डाव्या हातानं भाता मारायचे. लोकांला लई कौतुक वाटलं. आई-लेकीची माया बघा म्हणले. मोबाइल काढले. तू स्टेटसला ठेवलास. तो व्हिडिओ म्हणजे माय दुखण्यानं हात उचलू शकत नव्हती त्याचा पुरावा आहे, अन् मी तिच्या बाजूला बसून हसून राह्यलेय. शीतलला तो पडद्यावर लावायचाय. आता तूच सांग मी भाजीला जाऊ नको तर काय करू.

अजून एक आहे. हे कुणालाच बोलले न्हाई. मला ते हसू खोटं आणावं लागलं नव्हतं. तीस वर्षं सतरंजीवर बसल्यावर त्या साली मी पहिल्यांदा लोकांपुढं बसले. माईकवाल्यानं माझं नाव घेतलं. मंठ्याला एक बाई येऊन म्हणली, तुम्ही बेबीनंदाबाईंच्या लेक ना, किती छान साथ देता. भावना, मी खूश होते. मायनं शपथ घातली म्हणून गप्प राह्यले हे खरं आहे, पण अर्धंच. मलाबी ती जयंती पाहिजे होती.

२ जूनला तिला दवाखान्यात नेलं. ब्याऐंशी दिवस झाले होते. डॉक्टरबाईनं विचारलं, कधीपासून आहे? मी तोंड उघडायच्या आधी माय म्हणली, आठ दिवस झाले. डॉक्टरबाईनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मला वाचवायला ती खोटं बोलली अन् मी बोलू दिलं. पुढं हाडात गेलंय म्हणून कळलं. एक डॉक्टर म्हणले, आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. दुसरे म्हणले, सांगता येत न्हाई. मी दुसऱ्याचं ऐकत आले.

माय गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, तू रोज सोबत होतीस ताई, तुला दिसलं न्हाई? मी म्हणले, तिनं मलाबी सांगितलं न्हाई. तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं बोलले, तू महिन्याला एकदा जरी आली असतीस तर तुला तरी दिसलं असतं. तू त्याच दुपारच्या गाडीनं गेलीस. तुझ्या लेकराच्या परीक्षा, तुझी नोकरी, सगळं मला ठाऊक होतं. चोरी माझी होती अन् आळ मी तुझ्यावर घातला.

तू हे पत्र फाडलंस तरी बोलणार न्हाई.

सुमेधा


जुना जालना,
१० मार्च २०२६

भावना,

मागच्या पत्रात मायचं सगळं लिहिलं अन् माझं तसंच ठेवलं. माझी सवय तुला ठाऊक आहे, अर्धं सांगायचं.

मलाबी गाठ लागलीय. उजव्या बाजूला. मायच्यापेक्षा बारीक आहे, चवळीच्या दाण्याएवढी. दुखत न्हाई. पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुखत न्हाई म्हणून मला बरं वाटत होतं, मंग अंगणवाडीतल्या त्या चित्रांच्या पुस्तकात बघितलं तर तिथं लिहिलंय, सुरुवातीला दुखत न्हाई. ते पुस्तक मी चार वर्षं बायांला वाचून दाखवलं, स्वतःसाठी पहिल्यांदा वाचलं.

मी भ्यालेय भावना. नुसती मरायला न्हाई. त्याचं तर भ्याव आहेच. मी मायचे शेवटचे नऊ महिने बघितलेत. तिला कूस बदलता येत नव्हती. पाणी पाजताना ती हाताला धरायची अन् हाड माझ्या बोटाला लागायचं. गाणं म्हणायला तोंड उघडायची अन् नुसती हवा निघायची. ते मी धुतलं, पुसलं, मला ठाऊक आहे कसं असतं. माझ्यानंतर ते कोण करणार? शीतल. वीस वर्षांची पोरगी. हे डोक्यात आलं की मला उठून दार लावून घ्यावं वाटतं.

शीतलला कळलंय. एक तारखेला आम्ही स्मृतिदिनाची तयारी करत होतो. तिनं मायची पेटी काढली, मी बसले. वाजवता वाजवता माझा हात सारखा छातीकडं जात होता, मला समजतबी नव्हतं. तीन वेळा सूर तुटला. ती जवळ येऊन बसली अन् म्हणली, मम्मी, राहू दे, भाता मी मारते. मी तिच्यावर असं ओरडले की शेजारची दैवशाला धावत आली. तिला सांगितलं, झुरळ होतं. ती गेल्यावर मी पोरीला सगळं सांगितलं. तिनं माझा हात धरला अन् म्हणली, उद्या जाऊ.

अन् माझ्या तोंडून काय निघालं असंल? मायच्या पार्टीच्या सुपाऱ्या आता मी घेते. ह्या एप्रिलसाठी नऊ गावांना कबूल केलंय, राजानंद काकाचा पुतण्या ढोलकीला तयार केलाय. मी म्हणले, जयंती होऊ दे शीतल. मंग तू म्हणशील त्या दवाखान्यात येते. पप्पाला सांगू नको, मावशीला तर बिलकुल न्हाई. तुला माझी शपथ आहे.

तिनं माझा हात सोडला अन् पेटीवर कापड टाकलं. मला वाटलं, ऐकलं पोरीनं. मला हायसं वाटलं, हे सांगायची लाज वाटते. रात्रभर मंग मी तिच्या तोंडाकडं बघत होते. मी त्या साली कशी दिसत असेन ते मला तिच्या तोंडावर दिसून राह्यलं होतं. तरी सकाळी उठून मी तिला सांगितलं न्हाई की शपथ मोडली म्हणून समज. दहा दिवस झाले, अजून न्हाई सांगितलं.

तिला शपथ घालून मी काय करून ठेवलंय ते मला दिसतं. पण दवाखान्याचं दार डोळ्यापुढं आलं की मी दुसरं काम काढते. तिथं गेलं की ते खरं होतं. न्हाई गेलं तर अजून काहीबी असू शकतं, उषाबाईसारखी चरबीची गाठसुद्धा असू शकते. असं म्हणून मी एकेक दिवस ढकलते.

तू तपासून घे. एवढं तरी ऐक. माझ्यावरचा राग तुझ्या अंगावर काढू नको.

सुमेधा


जुना जालना,
१९ मार्च २०२६

भावना,

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. उद्या सकाळी संभाजीनगरच्या स्टँडवर तू भेटशील तवा हातात देते. स्टँडवरच वाच, चहा घेता घेता. तू वाचशील तोवर मी दुसरीकडं बघत बसते.

काल संध्याकाळी मी एकदाचं धाडस केलं. शीतल कपडे घड्या करत होती. मी म्हणले, तुला शपथ घातली होती ती मी मागं घेते, तुला ज्याला सांगायचं त्याला सांग. ती घड्या करतच राह्यली. म्हणली, मी सांगितलंय. मी म्हणले, कुणाला? म्हणली, मावशीला. कवा? म्हणली, त्याच दिवशी. पेटीवर कापड टाकलं, तशीच गच्चीवर गेले अन् मावशीला फोन लावला.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, पहिला रागच आला. म्हणले, आईची शपथ घातली होती तुला, काही वाटलं न्हाई? तर ती म्हणली, “वाटलं ना. लई भ्याले. पण तू मेल्यावर मी त्या शपथीचं काय करणार होते मम्मी?”

मी तिच्या बाजूला खाली बसले. तिनं पाच मिनिटंबी घेतली न्हाईत. मला ब्याऐंशी दिवस पुरले नव्हते. ती माझ्यावर गेली न्हाई, एवढं एक बरं झालं.

मंग तिनं बाकीचं सांगितलं. तू एक तारखेपासून तिच्याशी रोज बोलतेस. दुसऱ्याच आठवड्यात तू स्वतः तपासून घेतलंस अन् तुझं काही निघालं न्हाई. हे ऐकून मी पदर तोंडाला लावून रडले, एवढी मी मायच्या वेळीबी रडले नव्हते. संभाजीनगरच्या दवाखान्याची तारीखबी तूच घेतलीस. शीतलनं तुला म्हणलं होतं, मम्मीला आत्ताच फोन कर. तू म्हणलीस, न्हाई, तिला पत्रं लिहू दे, ती लिहून राह्यली तोवर खरं बोलून राह्यली. असं म्हणलीस ना? मी वाईट वाटून घेतलं न्हाई. बराबर बोललीस.

शीतलच्या पप्पाला आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. ते बराच वेळ रिक्षाच्या किल्लीशी खेळत राह्यले. म्हणले, रिक्षात बसणाऱ्या बायांची दुखणी मला ठाऊक आहेत, घरातलंच तेवढं ठाऊक न्हाई. मंग उठून रिक्षा धुवायला गेले. धुतलेलीच होती.

अन् ऐक, एवढं सगळं होऊनबी सकाळी मी काय म्हणले? शीतल पिशवी भरत होती अन् मी म्हणले, शुक्रवार काहून, रविवारचा मायचा कार्यक्रम होऊ दे, सोमवारी जाऊ. बोलून गेले अन् मलाच ऐकू आलं. पोरीनं माझी चप्पल दारात आणून ठेवली. चप्पल आणायची अजून गरज नव्हती, निघायचं उद्या आहे.

एप्रिलच्या नऊ गावांना राजानंद काकानं फोन केलेत. तपासणीत काही न्हाई निघालं तर जाऊ म्हणलेत, निघालं तर काकाचा पुतण्या अन् शीतल जातील. व्हिडिओ रविवारी लावायचा का न्हाई ते तू ठरव. लावलास तर लोकांला त्याचं कारणबी मीच सांगेन, तू माझ्याजवळ उभी राहा.

आता शेवटचं. ह्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले, अन् तीन पानं दुसरंच लिहीत राह्यले.

तुला मी पंधरा-वीस दिवस झाले असं लिहिलं होतं. शीतललाबी तेच सांगितलं. ते खरं न्हाई. मला ती गाठ ४ डिसेंबरला लागली. सहा डिसेंबरच्या अभिवादनाला पांढरी साडी काढून ठेवली होती, तिचा ब्लाऊज घालून बघताना हाताला लागली. तवापासून मला ठाऊक आहे. उषाबाईला दवाखान्यात नेलं तवा ठाऊक होतं, तुला पहिलं पत्र लिहिलं तवा ठाऊक होतं, मायचे ब्याऐंशी दिवस तुला मोजून दाखवले तवा माझे नव्वद झाले होते.

उद्या डॉक्टर विचारतील, कधीपासून आहे. माझ्या तोंडात उत्तर तयार आहे, आठ-पंधरा दिवस झाले म्हणून. मला माझी खात्री न्हाई भावना. शीतलला बाहेर बसव. तू माझ्यासोबत आत ये.

तुझी ताई